घराची बाहेरची रेघ

आमच्या घराचा नकाशा मी कॉम्प्युटरवर काढला. घरातली पहिली पदवीधर मी, मग हे काम दुसऱ्या कुणाला कशाला द्यायचं? वाटणीत मधोमध भिंत आली आणि मग अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, आणि काकांनी आपापल्या बाजूला खोल्या वाढवत नेल्या, त्यामुळं घराला कोपरेच कोपरे. कॉम्प्युटरला घराची फक्त बाहेरची कड मागितली, तशी रेघ सगळे कोपरे वळून निघाली तिथंच परत आली. आतल्या रेघा मी झाकल्या.

"मधली भिंत कुठं गेली गं?" शेजारी बसलेल्या अण्णांनी विचारलं.

"बाहेरून ती दिसतच नाही, अण्णा."

रेघेला वाटणी कळत नाही. भिंतीला भिंत लागलेली असली की ती एकच घर समजते. काकांशी कित्येक वर्षं न बोललेले अण्णा स्क्रीनकडं बघत राहिले.

"दोन प्रिंट काढ," म्हणाले. "एक मीच तिकडं देऊन येतो."