शंभरावं माणूस

गावकचेरीतल्या त्या कारकुनाला सगळे शिरगणती म्हणायचे. जन्म-मृत्यूच्या नोंदी त्याच्याकडे असत. "आमच्या घरात माणसं किती रे?" असं लोक थट्टेने विचारायचे आणि तो मान वर न करता बिनचूक आकडा सांगायचा. त्याने लग्न केलं नव्हतं. पाठची एकच बहीण होती. आईवडील गेल्यावर तिला त्यानेच वाढवलं आणि गावातल्याच एका ट्रकवाल्याशी तिचं लग्न लावून दिलं.

त्या वर्षी जिल्ह्याहून हुकूम आला. मोजणीच्या दिवशी दुपारी बारा वाजता गावात शंभर माणसं भरली नाहीत, तर गाव शेजारच्या मोठ्या गावात विलीन होणार. मग कचेरी, शाळा, दवाखान्याची खोली, सगळंच जाणार. शिरगणतीने तीनदा मोजलं. नव्व्याण्णव.

"तुझ्या बहिणीचे दिवस भरलेत ना?" दुकानदार म्हणाला. "मग झालं की."

मोजणीच्या दिवशी सकाळी नऊला तिला कळा सुरू झाल्या. नवरा ट्रक घेऊन लांब गेला होता, म्हणून तो मोजणीत धरलेलाच नव्हता. सुईण आत जाऊन आली ती गंभीर चेहऱ्यानेच.

"मूल आडवं वाटतंय. शहरातल्या दवाखान्यात न्या. जीप दारातच आहे."

ओट्यावर गावातली पाच-सहा मोठी माणसं बसली होती. सगळे शिरगणतीकडे बघत राहिले. शहरात नेलं की मूल तिकडचं, आणि ती स्वतःही तिकडची. मग अठ्ठ्याण्णव. शिवाय कचेरी गेली की त्याची खुर्ची जाणार होती, हेही त्याच्या मनात आलं. पुढे त्याने हे कधी नाकारलं नाही.

"तुझ्या हातून सुटेल ना?" त्याने सुईणीला विचारलं.

"सुटेलही. पण मला भरवसा नाही."

"मग प्रयत्न कर."

तो आत गेला तेव्हा बहिणीने त्याचं मनगट घट्ट धरलं. "दादा, जीप आली का?"

"येतेय," तो म्हणाला. जीप खिडकीतून दिसत होती. त्याने खिडकी लोटून घेतली.

अकरा चाळीसला मुलगी झाली. रडली, चांगली धडधाकट होती. ओट्यावरच्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. आत मात्र सुईण एकामागून एक कापड बदलत होती.

"रक्त थांबत नाही. आत्ता निघा."

"बारा वाजू देत. तपासणीवाले साहेब दोघींना इथे बघतील, सही करतील, लगेच निघू."

साहेब बारा वाजून दहा मिनिटांनी आले. दारातूनच डोकावून त्यांनी आई बघितली, मूल बघितलं, आणि कागदावर शंभर लिहिलं. दुकानदाराने पुढे केलेला चहा घेतला. "थोडक्यात वाचलात," असं हसून म्हणाले आणि सही केली. जीप निघाली तेव्हा साडेबारा होऊन गेले होते.

शहराच्या वाटेवरचा पूल ओलांडल्यावर जीपमध्येच तिचा जीव गेला. पुलापलीकडची हद्द दुसऱ्या गावाची, त्यामुळे तिच्या मृत्यूची नोंदही तिकडच्या वहीत झाली. शिरगणतीला आपल्या वहीतल्या तिच्या नावाला हात लावावा लागला नाही. बारा वाजता ती जिवंत होती, म्हणून मोजणीही जशीच्या तशी राहिली.

ट्रकवाला तिसऱ्या दिवशी आला. त्याने भांडण केलं नाही. मुलीला दुपट्यात गुंडाळलं, एवढंच विचारलं, "मोजून झालं ना तुझं?" आणि बाळाला घेऊन कायमचा गेला.

गाव राहिलं. दवाखान्याच्या खोलीत नर्स मात्र कधी आलीच नाही. सहा वर्षांनी नवा हुकूम निघाला, अट दोनशे माणसांची झाली, आणि गाव एका ओळीत विलीन झालं. शिरगणतीची बदली जिल्हा कचेरीत झाली. तिथे त्याला कुणी टोपणनावाने हाक मारत नसे.

एकोणीस वर्षांची एक मुलगी एकदा त्याच्या खिडकीशी आली. तिला जन्माचा दाखला हवा होता. अर्जावर आईचं नाव वाचून त्याने मान वर केली, मग दाखला लिहून दिला. जन्मवेळ अकरा चाळीस.

"तुम्हीच का मामा?" तिने विचारलं.

"हो."

"आईला जीपमध्ये कधी ठेवलं?"

खोटं बोलायला त्याला पुरेसा वेळ होता. "साडेबारानंतर," तो म्हणाला.

तिने मनातल्या मनात हिशेब केला. मग दाखल्याची घडी घातली आणि मागच्या माणसाला जागा करून देत बाजूला झाली. त्या माणसाला मृत्यूचा दाखला हवा होता. शिरगणतीने त्याला नाव विचारलं आणि लिहायला सुरुवात केली.