तीनच्या ओळीतलं माझं अक्षर

आधीच सांगून टाकते — ज्याला आकडा नाही, त्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. भूत, चकवा, भास... घरी कुणी विषय काढला की मी सरळ उठून जायचे. हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं, तर खाली पहिली खवचट प्रतिक्रिया माझीच असती.

मी राहायला शहरात, छावणी भागात. नोकरी पैठण रोडवर, चितेगावच्या अलीकडे, कचऱ्याच्या एका जुन्या डेपोवर. कचरा कुजला की आत मिथेन तयार होतो. तो तसाच हवेत गेला तर वातावरण फार तापवतो, म्हणून आम्ही तो ब्लोअरने ओढून फ्लेअरमध्ये, म्हणजे एका उंच चिमणीत, जाळायचो. त्याने उत्सर्जन नेमकं किती घटलं, हे काढणं माझं काम. गॅस किती आला, त्यात मिथेन किती, चिमणी पाचशे अंशांच्या वर किती वेळ राहिली. पाचशेच्या खाली गेली, की तेवढ्या वेळाचा गॅस जळलाच नाही असं धरायचं.

मीटरची नोंद कॉम्प्युटरवर आपोआप व्हायची. शिवाय दर तासाला एक तक्ता हाताने भरायचे आमचे ऑपरेटर, काशिनाथकाका. मूळ मेंढपाळाचं घर. नामांतराच्या आंदोलनाच्या वर्षांत ते याच माळावर मेंढरं चारायचे. मग आजूबाजूला कारखाने आले, काका कारखान्यात लागले, आणि माळावर शहराचा कचरा आला; पुढे काकाही इथेच परतले. त्यांची एकच खोड — जेवायला जाताना पुढच्या दोन तासांचे आकडे आधीच भरून मोकळे! मी ओरडले की म्हणायचे, "आकडे काय पळून चाललेत का ताई? कालचेच आजबी येत्यात."

त्या मंगळवारी अकरा वाजता मी तक्ता बघितला. अकरापर्यंतच्या ओळी काकांच्या हातच्या, पुढच्या कोऱ्या... आणि मध्येच तीनची ओळ भरलेली. प्रवाह ०. तापमान २१२. शेऱ्यात दोन शब्द — काका खड्ड्यात.

काकांनी भरलं असतं तर झापलं असतं. पण अक्षर माझं होतं. खाली सहीसुद्धा माझीच.

"काका, ह्याला कुणी हात लावला?"

"कुणी नाय. सकाळधरनं माझ्यापाशीच हाय." मग वाकून बघितलं आणि हसायलाच लागले. "मला वरडता, आन सोता आधी भरता व्हय ताई!"

मला हसू आलं नाही. तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि नवा लावला.

खड्डा म्हणजे गॅसबरोबर येणारं पाणी जिथं साठतं तो सिमेंटचा हौद. माणूसभर खोल, वर लोखंडी झाकण. दर मंगळवारी अडीचला काका आत उतरून कॉक सोडायचे. त्या दिवशीही निघाले. मी म्हटलं, आज नको. काका ऐकेनात. शेवटी मी सरळ झाकणावर जाऊन बसले.

"उठा ताई. पाणी तुंबलं तर ब्लोअर बसंल."

"बसू दे."

लई हट्टी हाय ही बाई, असं पुटपुटत काका माझ्यासमोर उभे राहिले. पावणेतीनला ब्लोअरचा आवाज थांबला. फ्लेअरची ज्योत दिवसा दिसत नाही. चिमणीवरची हवा थरथरते, त्यावरून कळतं. ती थरथर हळूहळू थांबली. कमरेचा गॅस डिटेक्टर किंचाळायला लागला.

आणि माझ्या खालचं झाकण आतून वाजलं. तीनदा.

मी काकांकडे बघितलं. ते समोरच होते, दोन्ही हात बाजूला. खालून आवाज आला — "ताई... झाकण काढा ताई..."

तो काकांचा आवाज होता. काकांचे ओठ मिटलेले होते, आणि त्यांनीही तो ऐकला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आम्ही जे पळालो ते गेटपर्यंत. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हवा खेळवून, माणसं बोलावून खड्डा उघडला. आतला एक जोड तडकला होता; त्यातून हवा शिरल्यानेच ब्लोअर बंद पडला होता, पाण्याने नव्हे. ब्लोअरची ओढ थांबल्याबरोबर गॅस तिथून खड्ड्यात भरला. काका आत असते, तर वर यायला जमलं नसतं. खड्ड्यात बाकी काही नव्हतं.

काका तक्त्याला हात लावेनात, म्हणून कॉम्प्युटर बघून मंगळवारची तीनची ओळ मीच भरली. प्रवाह ०, तापमान २१२. शेऱ्यापाशी पेन थांबलं. मग लिहिलं — काका बाहेर. सही केली. दोन्ही कागद अजून माझ्याकडे आहेत. शेरा सोडला तर तीनची ओळ अक्षर न् अक्षर सारखी.

तुमच्यापैकी कुणाला याचा अर्थ लागला तर जरूर सांगा, मला तर लागलेला नाही. आत कोण होतं, हे मी काकांना कधी विचारलं नाही, त्यांनीही विषय काढला नाही. फक्त त्या दिवसापासून ते मला ताई म्हणत नाहीत, मॅडम म्हणतात. ताई म्हटलं की मी दचकते, हे त्यांनी बघितलंय.