चौकशीसाठी दोन दाबा

हॉस्पिटलच्या जिन्याखाली टेलिफोन एक्स्चेंजची चिंचोळी खोली होती. खिडकी नाही, पंखा खडखडणारा, आणि तीन खुर्च्यांवर तीन बायका. एका स्वयंपाकघरात तीन जावा नांदाव्यात तशा त्या तिथं नांदत होत्या, म्हणून सगळं हॉस्पिटल त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणायचं. थोरलीला वॉर्डबॉयसुद्धा टरकून असत. धाकटी चटपटीत, बोलता बोलता दोन फोन जोडून मोकळी. आणि मधलीचं सगळं भांडवल म्हणजे तिचा आवाज. पलीकडचा माणूस कितीही कावराबावरा झालेला असो, मधलीनं "बोला, मी ऐकतेय" म्हटलं की त्याचा जीव भांड्यात पडायचा.

एक दिवस व्यवस्थापकांनी तिला वर बोलावलं. हॉस्पिटलात मोठी संगणक यंत्रणा येणार होती. केसपेपर, तपासण्या, औषधं, फोन, सगळं एकाच जाळ्यात.

"आणि फोन उचलणारा आवाज तुमचा हवाय," ते म्हणाले.

मधलीला आकाश ठेंगणं झालं. मग त्यांनी आवाज खाली आणला. "एक्स्चेंज बंद होईल. तुम्हाला चौकशीच्या काउंटरवर घेतोय. बाकी दोघींचं काही जमणार नाही. आम्ही रीतसर सांगेपर्यंत हे तुमच्यापाशीच राहू द्या."

"बरं," मधली म्हणाली. इतक्या सहज, की जिना उतरताना तिचं तिलाच नवल वाटलं.

रेकॉर्डिंग झालं जुन्या एक्स-रे खोलीत, दाराला ब्लँकेटं लावून. "चौकशीसाठी दोन दाबा" हे वाक्य कंपनीच्या मुलीनं तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. "मावशी, जरा हसून म्हणा ना!" मावशी हसून म्हणाल्या. खाली आल्यावर तिनं जावांना थाप मारली, की नव्या यंत्रणेचं शिकायला बोलावलं होतं.

त्याच सुमारास धाकटीला एका शाळेच्या ऑफिसात काम मिळत होतं. डबा खाताना तिनं विचारलं, "ताई, जाऊ का गं? तुला काय वाटतं?"

मधलीच्या तोंडात घास फिरला. जा म्हणावं, तर धाकटी का म्हणून विचारणार, आणि ती खोदून विचारायला लागली की आपल्याच्यानं लपवणं होणार नाही. "नवी जागा, नवी माणसं," ती म्हणाली. "इथं काय वाईट आहे? आम्ही आहोत की."

"तेही खरंच," धाकटी म्हणाली, आणि तिनं शाळेला नकार कळवला.

त्यानंतर रोज सकाळी हेडफोन कानाला लावताना मधली ठरवायची, आज सांगून टाकू. थोरली मध्येच काही गंमत करायची, फोन घणघणायचे आणि दिवस निघून जायचा. व्यवस्थापकांचा विचार बदलेलही, अशी ती स्वतःची समजूत घालायची.

यंत्रणा आली. थोरली-धाकटीच्या हातात नोटिसा पडल्या. फोनमधून मधलीचा आवाज ऐकून थोरली म्हणाली, "बयो, आता सगळ्या जगाची सासू झालीस. हे दाबा, ते दाबा!" धाकटी हसली नाही. खुर्चीवरची आपली उशी काखेत मारून ती निघून गेली. पुढं एका दुकानात दिवसभर उभ्यानं करायचं काम तिनं धरलं, असं कानावर आलं.

काही महिन्यांनी धाकटीची आई न्हाणीघरात पडली आणि तिला याच हॉस्पिटलात आणलं. खुबा मोडला होता. ऑपरेशन व्यवस्थित झालं. संध्याकाळी धाकटी वॉर्डबाहेरच्या बाकावर बसलेली दिसली, तशी मधली चहा घेऊन गेली.

"मी फोन केला होता," धाकटी म्हणाली. "आई जमिनीवर विव्हळतेय, घरात मी एकटी. तुझा आवाज आला आणि वाटलं, सुटले. म्हटलं, ताई, मी बोलतेय गं, अँब्युलन्स पाठव. तर तू म्हणालीस, चौकशीसाठी दोन दाबा."

मधलीनं कप बाकावर ठेवला. धाकटीनंच तिच्या हातावर हात ठेवला. "असू दे. तुला काय ठाऊक, ते आवाज कशासाठी घेतायत ते."

इथं गप्प बसता आलं असतं. पण तो हात मधलीला सोसवेना. "ठाऊक होतं," ती म्हणाली. "तू शाळेचं विचारलंस ना, तेव्हाही."

धाकटीनं हात काढून घेतला. कप बाजूला सारला. "मग मला थांबवलंस कशाला?"

"भीती वाटली. माझं काउंटर जाईल म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच."

धाकटी उठली आणि वॉर्डात गेली.

दुसऱ्या दिवशी मधली संगणक विभागात गेली. माझा आवाज काढून टाका म्हणाली. मोठी रदबदली करावी लागेल असं तिला वाटलं होतं, पण तिथला माणूस म्हणाला, "एवढंच ना? मशीनचा आवाज घालतो की." दुपारपर्यंत कामही झालं. कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि मधलीला काडीचंही हलकं वाटलं नाही.

पुढं टाके दाखवायला मायलेकी आल्या. धाकटी मुद्दाम लांबच्या खिडकीवर रांगेत उभी राहिली. म्हातारी मात्र चाकाच्या खुर्चीतून काउंटरपाशी आली. तिला कशाचाच पत्ता नव्हता.

"तू हिच्याबरोबरची ना गं? चहा आणून दिलास तू. ये की एकदा घरी."

तेवढ्यात धाकटी आली, तिनं खुर्चीची मूठ धरली. "आई, चल. डॉक्टर थांबलेत." मग मधलीकडे न बघता म्हणाली, "इतक्यात नको येऊस. मला जमेल तेव्हा मीच सांगेन."

"बरं," मधली म्हणाली, आणि काउंटरबाहेर येऊन त्यांच्यासाठी दार धरून उभी राहिली.