हलकंच मशीन द्या

आमच्या ह्यांचं म्हणजे सुंभ जळला तरी पीळ जात नाही. उभा जन्म सुतारकामात गेला. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात निम्मा कामातून गेला, पाय फरफटतो. तरी कारखान्यात परत जायचा हट्ट! मालक म्हणाले, घरी एक स्टूल करून दाखवा, मग या. त्या स्टुलावर ह्यांचा सगळा जीव टांगलेला. जुन्या ड्रिलच्या वायरीत पाय अडकून हे दोनदा आपटले, तेव्हा मीच म्हटलं, चला, स्वस्तातलं बॅटरीवालं घेऊ.

दुकानदाराने दोन मशिनं पुढे ठेवली. "काका, लाकडाला हे लहान बास झालं. हे मोठं ठोकत ठोकत फिरतं, भिंतीसाठी असतं. उगाच जास्त पैसे कशाला?"

"अवजार जड तेच खरं," हे म्हणाले. सगळ्या जुन्या सुतारांची ही खुळचट समजूत! ह्यांनी उजव्या हाताने मोठं उचललं, आणि मनगट लटकन खाली गेलं. दुकानदाराने नजर वळवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, वापरणार मी आहे," मी दुकानदाराला म्हटलं. "ह्यांच्याकडून शिकतेय. मला हलकंच द्या."

धडधडीत खोटं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर मशीन माझ्यापुढे ढकललं. "चारचौघांत माझी अब्रू झाकायला निघालीस? तुझ्यासाठी घेतलंय ना, चालव तूच."

जेवण झालं तरी ह्यांनी मशीनला हात लावला नाही. शेवटी माझंही डोकं फिरलं. "चालवते की! काय मोठं त्यात?" फळीवर फळी ठेवली, स्क्रू टेकवला, बटण दाबलं. कडाड! वरची फळी उभी चिरली.

"अगं ए, आधी बारीक भोक पाडतात!" हे ताडकन उठले. फळी वाया गेलेली ह्यांना बघवत नाही. मशीन माझ्या हातातून हिसकावलं आणि उजव्या हाताने उचललंही. माझा जीव भांड्यात पडला.

पण भोक पाडायचं टोक बसवून लाकडाला टेकवलं तसा हात थरथरायला लागला. टोक घसरलं, फळीवर लांब ओरखडा उमटला. पुन्हा टेकवलं, पुन्हा घसरलं. ह्यांनी बटण सोडलं. मशीनच्या तोंडाशी असलेला बारीक दिवा तेवढा जरा वेळ चालू राहिला.

"मालकांना कळव," हे म्हणाले. "दुसरा माणूस बघा म्हणावं."

इतकी वर्षं संसार केला, पण ह्यांच्या तोंडून असलं कधी ऐकलं नव्हतं. मला रडूच फुटलं. "मी नाही कळवणार. तुम्ही हवं तर कळवा."

"कळवीन. तू डोळे पूस आधी." मशीन माझ्या हातात दिलं, डाव्या हाताने माझं कोपर वर उचललं. "सरळ धर. अजून सरळ. माझ्याकडे बघू नकोस, लाकडाकडे बघ."