दगडफूल आणि शार्क

मालतीबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा माझा प्राणिशास्त्राचा तास चालू होता. मी तो पुरा केला. आमच्या वर्ध्याच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. घर नालवाडीला. यजमान गणपतराव तिथेच भाजीपाला पिकवायचे. आणीबाणी उठली त्या सुमारास ते वांग्याच्या वाफ्यातच कोसळले. उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. तेव्हापासून बाई त्यांचं सगळं आवरून कॉलेजात यायच्या आणि स्टाफरूममध्ये बसल्या बसल्या डोळे मिटायच्या.

अशाच एका दुपारी मी थंड, खोल समुद्रातल्या ग्रीनलंड शार्कबद्दल वाचत होते. तो इतका सावकाश वाढतो की वर्षभरात फरक कळत नाही, असं मी म्हटलं, तर बाईंनी डोळे उघडले. "आपलं मसाल्यातलं दगडफूल तसंच की." पुढे या जोडीवर त्यांनी विज्ञान मंडळात भाषणच दिलं. देवळीच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, एक मासा, एक दगडावरचं… यायची तुलना काऊन करता?" वर्ग हसला. बाई थकल्या आवाजात म्हणाल्या, "दोघंही हळू वाढतात. पण शार्क अंधारात एकटा हिंडतो. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल, दोन जीव मिळून एक. बुरशी आसरा देते, शैवाल अन्न करतं. कोण कोणाला सांभाळतं, ते वेगळं काढता येत नाही."

घरी जाताना मी विचारलं, गणपतरावांत काही फरक? "आज 'मा' म्हणाले," त्या म्हणाल्या. "पूर्ण नावाला वेळ लागेल." लागला, काही वर्षं लागला. नातलगांनी केव्हाच आशा सोडली होती. बाईंनी सोडली नाही. मात्र स्वतःचं छातीचं दुखणं अंगावर काढत राहिल्या, आणि त्यातच गेल्या.

महिन्याभरानं मी नालवाडीला गेले. गणपतराव भिंत धरून उठले. "बसा. च्या मांडतो." काडेपेटी गुडघ्याखाली दाबून ते डाव्या हातानं काडी ओढू लागले. एक मोडली, दुसरी विझली. मी उठणार, तोच म्हणाले, "मालती हात नाई लावे. त्या पाटावर बसून पाहत राहे."

मी पाटाशेजारी जमिनीवर बसले. चहा हाती येईपर्यंत दुपार कलली. साखर घालायची राहिली होती. आम्ही तसाच प्यायलो.