अण्णाची वाइड लेन्स आणि कापूचे खडक

उडुपीजवळच्या कापूच्या दीपस्तंभाला कधी जावं, असं पुष्कळजण विचारतात. नोव्हेंबरात जा. मी माझ्या थोरल्या भावाबरोबर, अण्णाबरोबर, १९९६च्या नोव्हेंबरात गेले होते.

अण्णाचा बंगळूरला जयनगरात फोटो स्टुडिओ होता. वर्षभर त्याचा उजवा हात कापत होता. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि लग्नाची कामं सुटली. मग त्याने एका मित्राकडून वीस मिलिमीटरची वाइड लेन्स मागून आणली. पायाजवळच्या खडकापासून क्षितिजापर्यंत सगळं एका चौकटीत घेणारी.

"कॅमेरा स्टँडवर, बटण वायरीने दाबायचं. त्यात हाताचं काय काम, शालू? कॅलेंडरवाले घेतात असे समुद्राचे फोटो. जमलं तर मित्राकडून विकतच घेतो."

त्याला एकटं सोडवेना. मी बँकेत रजा टाकली.

बंगळूरहून सकाळची बस. हासनला इडली खाल्ली. शिराडी घाटात रस्ता असा उखडलेला, की अण्णाने लेन्सची पिशवी तान्ह्या मुलासारखी मांडीवर धरली. उडुपीला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. देवळामागे दीडशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. तिथे सकाळी केळ्याचे बन्स मिळतात, गोडसर पुरीसारखे. ते चुकवू नका. अण्णाने चार खाल्ले. कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवलेला पाहिला.

दुपारी कापूला गेलो, बसने अर्धा तास. दीपस्तंभाखालच्या खडकांवर शेवाळ असतं, चपला काढूनच चढा. अण्णाने स्टँड रोवला, पण लेन्स कॅमेऱ्यावर बसेना. खाच जुळायची आणि हात हलायचा. मी पुढे झाले.

"स्वल्प थांब," तो म्हणाला. पाचव्या खेपेला ती बसली.

ऊन उतरलं, लाटा खडकांवरून दुधासारख्या ओघळायला लागल्या. अण्णा एकामागून एक फोटो घेत होता. हाताचं कापणं वायरीतून कॅमेऱ्यापर्यंत जाताना मला दिसत होतं. शहाळी विकणारी एक अक्का जवळ येऊन उभी राहिली. तिने मला कानडीत विचारलं, "यांना थंडी वाजतेय का?"

मी काही बोलायच्या आत अण्णाच म्हणाला, "हो अक्का, वारा फार आहे."

सूर्य टेकायला आला तेव्हा त्याने वायर माझ्या हातात दिली. "शेवटचे सहा तू घे. मी सांगतो तेव्हा दाब." मी दाबत गेले. तो मागे उभा राहून नुसतं "आता" म्हणत होता.

परत आल्यावर रोल धुतला. अण्णा भिंग लावून बराच वेळ पाहत बसला. त्याचे तीस फोटो पुसट होते. शेवटच्या सहांत खडकावरचा शिंपलाही स्वच्छ होता आणि दूरची होडीही.

"लेन्स फार चांगली आहे," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने ती मित्राला परत केली. संक्रांतीनंतर स्टुडिओही दुसऱ्याला दिला.

त्या सहांतला एक फोटो त्याने मोठा करून घेतला. तो आज माझ्याकडे राजाजीनगरच्या घरी आहे, अण्णा नाही. फोटोच्या पाठीमागे काढणाऱ्याचं नाव घालायला त्याने पेन्सिल घेतली तेव्हा मला वाटलं, स्वतःचं घालेल. 'शालिनी' ही तीन अक्षरं लिहायला त्याला खूप वेळ लागला. मी शेजारी बसून होते. मदत करू का, असं मी विचारलं नाही.