शिवरात्रीची हजेरी

नेत्रा नेमकं काय काम करते हे पालेगावात कुणालाच धड ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची कुणाला गरजही वाटत नव्हती. पोरगी कॉम्प्युटरमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहे एवढं पुरेसं होतं. त्यामुळे ती माहेरी आली की कुणाचा वायफाय चालत नसे, कुणाचा मोबाइल तापत असे, कुणाला आधार कार्डाचा फोटो बदलून हवा असे. ती हसून सगळं बघून देई. कंपनीवर इंटरनेटमधून दरोडा पडला तर पहिला फोन आपल्याला येतो, हे या मंडळींना समजावण्यापेक्षा फोटो बदलून देणं सोपं होतं.

कंपनी रंगाची. देशभर कारखाने, त्यातला एक अंबरनाथला, आणि तो उभा राहिला तो पालेगावच्या भातशेतीवर. त्यात नेत्राच्या घरचीही खाचरं गेली. बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली. नेत्राचे वडील महिपती आधी जिथे लावणी करत होते तिथेच पुढे रंगाचे डबे मोजू लागले. ते गेल्यावर त्यांच्या जागी थोरला भूपेश स्टोअरमध्ये चिकटला. नेत्रा शिकली, आधी दुसऱ्या कंपन्यांत राबली आणि मग फिरून याच कंपनीच्या ऐरोलीच्या मुख्य ऑफिसात आली, तीही भावाच्या कितीतरी पायऱ्या वर. लग्नानंतर आडनाव बदललं होतं. स्टोअरमधला भूपेश आपला सख्खा भाऊ आहे हे तिनं ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. लपवायचं असं काही नव्हतं, विषयच निघाला नव्हता. निदान ती स्वतःला तसं सांगत असे.

त्या शनिवारी सकाळी मांजर्लीला, सासरच्या घरी, ती बोंबील साफ करत होती. फोन वाजला तो लेकीनं, किर्तीनं, तिच्या कानाला लावला. कारखान्यांमधल्या फायली एकामागून एक कुलूपबंद होत होत्या, मालाच्या गाड्यांना बाहेर पडायचं चलन निघत नव्हतं, आणि पडद्यावर खंडणीची नोटीस आली होती. नेत्रानं नवऱ्याला, जितेशला, बोंबलांकडे बोट दाखवलं आणि हात नीट न धुताच ती निघाली. पुढचे सगळे दिवस त्या काचेच्या खोलीत तिला आपल्या बोटांना वास येतोय असं वाटत राहिलं.

काचेची खोली म्हणजे असा प्रसंग आला की तिची माणसं जिथे बसत ती खोली. नियम तिचेच होते. आत आलं की स्वतःचे फोन स्टीलच्या डब्यात टाकायचे. आणि दुसरा नियम, जो ती प्रत्येक नव्या माणसाला शिकवायची: चोर कुठून शिरला ती वाट शोधायची, घरातल्या कुणाची चूक झाली त्या माणसाच्या मागे लागायचं नाही. माणूस घाबरला की खोटं बोलतो आणि मग वाटही सापडत नाही. या नियमाचा तिला फार अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर तो चांगलाच नियम होता. दुसऱ्यांच्या भावांसाठी.

पहिल्या तासातच तिनं सगळे कारखाने एकमेकांपासून तोडायला सांगितलं. वरच्या साहेबांनी नुकसानीचा हिशेब ऐकवला, तिनं ऐकून घेतला आणि तरीही तोडायला लावले. आग पसरायची थांबली. सोमवारपर्यंत फायलींच्या वेगळ्या जपून ठेवलेल्या जुन्या प्रतींवरून कामही थोडं थोडं सुरू झालं. उरली ती वाट.

ती शोधली सोनियानं. उल्हासनगरची सिंधी पोरगी, हुशार, आणि बोलताना हिंदी-मराठीची मिसळ करणारी. चोर अंबरनाथच्या स्टोअरमधल्या एका खात्यातून आत आला होता. कोविडपासून घरूनही लॉगिन करता येत असे, त्यामुळे पासवर्ड हाती लागला की झालं. पण सोनियाला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. "मॅडम, ये देखो ना, फेब्रुवारीत एका दिवशी आख्ख्या शिफ्टनी एकाच कॉम्प्युटरवरून हजेरी लावलीय. एकाच माणसाने लावल्यासारखी. कौनसा दिन था ये?"

नेत्राला कॅलेंडर बघायची गरज नव्हती.

महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिरात जत्रा भरते, आणि त्या दिवशी पालेगावचा माणूस कामावर बसत नाही. कंपनीला हे कधी कळलं नाही, आणि कंपनीला कळावं असं पालेगावला कधी वाटलं नाही. महिपतींच्या काळात हजेरीची पंचिंग कार्डं असत. गावातला एकजण मागे थांबे, बाकीच्यांची कार्डं स्टोअरच्या खुंटीला अडकवलेली असत, आणि तो एकेक कार्ड यंत्रात घालून सगळ्यांना हजर करत असे. पुढच्या वर्षी दुसरा थांबे. त्यात कुणाला पाप वाटत नव्हतं. जमीन आपली, देव आपला, एक दिवस आपला. लहानपणी जत्रेहून परतताना बाबांच्या खांद्यावर बसलेली नेत्रा गेटवर मागे थांबलेल्या माणसाच्या, कधी चंदरकाकांच्या, कधी आणखी कुणाच्या, हातावर प्रसादाचा लाडू ठेवायची आणि बाबांचं कार्ड घेऊन यायची. तो मान तिचाच होता. पुढे कार्डं गेली, पासवर्ड आले, आणि लोक कार्डांसारखेच पासवर्ड एकमेकांपाशी ठेवू लागले. हेही तिला माहीत होतं. एका दिवसाचं तर आहे, म्हणून ते तिनं कुठल्याच तपासणीत लिहिलं नाही. आता चोर ज्या खात्यातून शिरला होता त्यावर नाव भूपेशचं होतं.

आता हे दाबायचं म्हटलं तरी दाबता येत नव्हतं, सोनियानं पाहिलं होतं. आणि दाबलं असतं तर ती वाट तशीच उघडी राहिली असती, उद्या दुसरा कुणी शिरला असता. भूपेश माझा भाऊ आहे असं सांगितलं असतं तर तिला बाजूला करून बाहेरची एजन्सी आणली असती, आणि ती मंडळी वाट विचारत नाहीत, माणूस विचारतात. शिवाय पुढचा प्रश्न तिलाच आला असता: मॅडम, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? शेवटी तिनं स्वतःची समजूत घातली, की मी विचारीन ते निदान मायेनं विचारीन. माणसाला स्वतःची समजूत घालायला वेळ लागत नाही.

भूपेशची चौकशी व्हिडिओ कॉलवर झाली. कारखान्याच्या एचआरच्या केबिनमध्ये तो तेल लावून, भांग पाडून बसला होता, जसा लग्नाच्या फोटोत बसला होता. इकडे नेत्राच्या शेजारी मोठे साहेब. भूपेशनं तिला मॅडम म्हटलं. एकदाही त्याची जीभ अडखळली नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

त्यानं सगळं सांगितलं. यंदा गावच्या मंडळाची पालखी त्याच्या खांद्यावर होती, म्हणून मागे थांबायची पाळी चंदरकाकांच्या मुलाची आली. तो नवखा, म्हणून भूपेशनं सगळ्यांचे पासवर्ड एकत्र लिहून मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. ग्रुप गावातलाच, आपलीच माणसं. फक्त यंदा मंडळानं उल्हासनगरच्या एका दुकानात जत्रेचा फ्लेक्स छापला होता, आणि छापणाऱ्यानं हौसेनं, आजकाल सगळेच टाकतात म्हणत, लिंक मागून घेऊन ग्रुपमध्ये यायचा क्यूआर कोड कोपऱ्यात टाकला होता. शिवमंदिराच्या रस्त्यावर तो फ्लेक्स नेत्यांच्या फोटोंसकट जत्रेआधी आठवडाभर झुलत होता. ज्यानं कोड स्कॅन केला तो पालेगावचा झाला. भूपेशला हे चौकशीतच कळलं. तो म्हणाला, कुनी परका आला आसंल असा मनातच नाय आला.

नेत्राच्या प्रत्येक चौकशीत शेवटचा प्रश्न ठरलेला असे. तो तिनंच घालून दिला होता आणि साहेबांनाही पाठ होता. तो गाळला असता तर साहेबांनी विचारला असता.

"या पद्धतीबद्दल आणखी कुणाला माहीत होतं? कंपनीत, वरच्या कुणाला?"

भूपेश पडद्यातून तिच्याकडे बघत राहिला. मला माहीत होतं, एवढे तीन शब्द तिच्या जिभेवर होते. ते तिनं गिळले.

"नाय मॅडम," तो म्हणाला. "वरच्या कुनाला नाय."

अहवाल गेला. तिचा नियम कागदावर शाबूत राहिला, नाव कुणाचं नव्हतं, फक्त वाट होती. पण चौकशीला शेजारी बसलेल्या साहेबांनी वाट सोडून माणूस धरलाच. बाकीच्यांना लेखी ताकीद मिळाली आणि भूपेशला घरी बसवलं. खाचरांच्या बदल्यात मिळालेली घरातली एकुलती नोकरी अशी गेली. मुख्य ऑफिसात नेत्राचं टाळ्या वाजवून कौतुक झालं. तिनं उभं राहून ते घेतलं, कारण न घेण्याचं कारण सांगता आलं नसतं.

पुढच्या रविवारी ती पालेगावला गेली. पूर्वी अंगणातून डोंगर दिसायचा, आता नव्या टॉवरच्या गॅलऱ्यांवर वाळत घातलेले कपडे दिसतात. आईनं, बनूबाईनं, तिच्या आवडीचं सुकटीचं कालवण केलं होतं. पोरीनं कंपनी वाचवली हे तिला कुणीतरी सांगितलं होतं आणि तिनं ते सगळ्या आळीला सांगून झालं होतं. भावाला कुणी घालवलं हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. जेवताना ती सारखी एकच गोष्ट धरून बसली: साहेब तुझ्या शब्दाबाहेर नाहीत, भावासाठी शब्द टाक. नेत्रा भात कालवत राहिली. भूपेश मान खाली घालून जेवत होता, आणि एकदा त्यानंच आईला म्हटलं, खाऊ दे गो तिला.

जेवण झाल्यावर तो तिला गाडीपर्यंत सोडायला आला. गाडीच्या दाराशी तिला राहवलं नाही. सगळं माहीत असून तू माझं नाव का घेतलं नाहीस, तिनं विचारलं. तिला वाटलं होतं तो म्हणेल, बहीण आहेस म्हणून.

भूपेशनं थोडा विचार केला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

"दुसऱ्या कुनी इचारला असता त घेतला असता तुझा नाव. मी एकटा कशाला मरू? पन तूच इचारलंस. मना वाटला, तू सांगतंस, दादा, नाय बोल. म्हनून नाय बोललू."

ती दार धरून उभी राहिली. मी तसं म्हटलं नव्हतं, असं सांगायला तिनं तोंड उघडलं. पण तेवढ्यात आई ओटीवर आली आणि तिथूनच विचारू लागली, साहेबांना फोन कधी करतेस, उद्या करशील ना. भूपेश तिच्याकडेच बघत होता, पडद्यातून बघितलं होतं तसाच.

"करते," नेत्रा आईला म्हणाली.